एकाच बादलीतले पाणी

मार्गशीर्षात अणदूरच्या खंडोबाच्या यात्रेत माझ्या डाव्या डोळ्यात भंडारा गेला. पौषात त्याच डोळ्याच्या बुबुळाला अमिबा या परजीवीचा संसर्ग झाल्याचे सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले. मधल्या काळात दुसऱ्याच आजाराचे उपचार चालू होते.

भंडारा माझ्या धाकट्या भावाच्या, बबनच्याही डोळ्यांत गेला होता. परतताना आमच्या शेतातल्या विहिरीवर थांबून दोघांनी एकाच बादलीतल्या पाण्याने डोळे धुतले. पाणी हिरवट होते. बबनला काही झाले नाही. माझा डोळा काही दिवसांत लाल झाला, उजेड सोसेना, ठणका कपाळात चढला. मी कित्येक वर्षे खंडोबाचा रविवारचा उपास धरतो. बबन रविवारी मटण आणतो. बायको ताट वाढताना म्हणाली, "उपास तुमचे अन् फळ भावजींला." ती हसली. मला ते वाक्य पुढे बरेच दिवस पुरले.

तुळजापूरच्या डॉक्टरांनी डोळ्यात काय गेले ते विचारले. वाऱ्याने कचरा गेला, असे मी सांगितले. भंडाऱ्याने डोळा दुखावला असे आमच्याकडे कोणी बोलत नाही. देवाच्या हळदीला बोल लागतो. मी वार्ताहर आहे, दुसऱ्यांना नेमके काय घडले हे विचारण्यात माझी उमर गेली. विहिरीचे तर मनातही आले नाही. मी सांगितलेल्या माहितीवर डॉक्टरांनी औषध दिले. डोळ्यापुढचे धुके वाढत गेले आणि बुबुळावर पांढरी कडी उमटली.

अणदूर आणि नळदुर्ग मिळून खंडोबाची मूर्ती एकच आहे. अणदूरची यात्रा झाली की देव नळदुर्गला जातो आणि तिथली पौषातली यात्रा आटोपून परत येतो. एका गावचे देऊळ भरलेले असते तेव्हा दुसऱ्या गावचे रिकामे. नळदुर्गच्या यात्रेच्या दिवशी बबन तिकडे निघाला आणि मी सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर बसून मी देवाचे नाव घेतले, पण डोळा बरा कर असे मागितले नाही. भंडारा एकच होता, मग बबनच्या डोळ्याला थोडे का नाही, एवढेच विचारले. त्या दिवसाची माझी प्रार्थना तीच होती.

मला आत बोलावले तेव्हा बबन दारात उभा होता.

"गाडीत झोप लागली की ओ दादा. नळदुर्ग मागंच राहिलं, डोळं उघडलं ते सोलापुरातच. मग म्हनलं, तुमच्याकडंच यावं."

झोपलेल्या माणसालाही देव उचलून नेतो, असे मला वाटले, आणि त्याचाही हेवा वाटलाच. डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पुन्हा कचरा म्हणालो.

"कसला कचरा ओ?" बबन म्हणाला. "भंडारा गेल्ता, आपल्या दोघांच्याबी. हिरीच्या पाण्यानं धुतलं नव्हं का डोळं?"

बाईंनी पेन खाली ठेवला. "विहिरीच्या पाण्याने?"

त्यांनी बुबुळावरचा थर खरवडून तपासायला दिला. सूक्ष्मदर्शकाखाली अमिबाचे कोश दिसले. हा जीव विहिरीत, तळ्यात, मातीत असतो आणि बारीक ओरखड्यातून आत शिरतो, असे त्यांनी सांगितले. बबनच्या डोळ्याला बहुधा ओरखडा पडला नसावा. आणखी उशीर झाला असता तर डोळा वाचवणे अवघड होते.

थेंब दिवसरात्र तासातासाला घालायचे होते. बबन आमच्याकडे राहिला. त्याचे दोन्ही स्वच्छ डोळे माझ्या तोंडावर वाकत आणि मी पापण्या आवळून घेई. औषध गालावरून ओघळे.

"मान टाका की दादा. देवाम्होरं टाकता तशी," तो एकदा म्हणाला. "का माझ्यापुढं लाज वाटती?"

मी मान टाकली. थेंब आत गेला, नेहमीसारखाच झोंबला. इतकी वर्षे देवापुढे मान खाली घालताना मी मनातल्या मनात उपासांचा हिशेब सांगत असे, हे तेव्हा लक्षात आले. भावाच्या हाताखाली सांगण्यासारखे काही नव्हते. पुढे मी पापण्या आवळल्या नाहीत. हेवा गेला असे लिहिणार नाही. तो होता, आणि थेंबही आत जात होता. देव नळदुर्गला असतो तेव्हा अणदूरचे लोक रिकाम्या देवळाच्या पायरीला हात लावून पुढे जातात. लहानपणापासून ते मी पाहत आलो होतो. या वर्षी देव परत आल्यावर मी त्या पायरीवर बसलो. काही मागितले नाही. बबन त्या दिवशी आला, याबद्दल हात जोडले.

गेल्या तपासणीत संसर्ग संपल्याचे डॉक्टरांनी सांगितले. बुबुळावर डाग राहिला आहे. उजवा डोळा झाकून मी भिंतीवरच्या तक्त्याच्या वरच्या तीन ओळी वाचल्या. मागे उभ्या असलेल्या बबनने शेवटची ओळ वाचली.