आत कोरलेलं अक्षर

कोन गावच्या हौसाआजीला जन्मात एकच अक्षर वाचता आलं, 'हौ'. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नवऱ्याने, महादूने, तिला अंगठी करून दिली आणि तिच्या नावाचं पहिलं अक्षर आतल्या बाजूला कोरून घेतलं. "येवढं तरी वाचाय शीक," म्हणाला. पुढे महादू गेला, भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिली, आजीची बोटं सुजली. अंगठी मात्र जिथल्या तिथे राहिली.

नातवाचं, भाविकचं, खारबावच्या करिष्माशी जमलं. साखरपुड्याच्या अंगठीवरून दोघांचं फोनवर चाललं होतं, फोन स्पीकरवर. "मला चकचकीत नको रे," करिष्मा म्हणाली, "जुनी पाहिजे. आजींच्या बोटात आहे ना, तशी."

आजीच्या कानाने 'तशी' तेवढं गाळलं. पोरीला आपली अंगठी हवीय! म्हातारी अशी हरखली की विचारू नका. कुणाला काही न बोलता आठवडाभर बोटाला खोबरेल चोळलं. अंगठी तसूभर हलली नाही.

मग भिवंडीला सोनाराकडे जायच्या दिवशी हट्टाने गाडीत बसली. दुकानात पोरं तबकं बघत होती, तेवढ्यात हिने कारागिरापुढे हात धरला. "काप बाबा. पोरीसाठी हाय. मागून सांधता येल ना?"

"येईल की," म्हणत त्याने कडी कापली, अंगठी काढून काउंटरवर नेली.

तिथल्या माणसाने ती भिंगाखाली धरली. "हॉलमार्क नाही. आत नुसतं काहीतरी खरवडलंय. मोडीत घ्यायची तर आधी वितळवून बघावी लागेल."

मोड म्हणजे नव्या दागिन्यासाठी दिलेलं जुनं सोनं. भाविकला वाटलं, आजीने त्यासाठीच आणली. "हां, मोडीतच घ्या," तो म्हणाला.

आजीने तोंड उघडलं. पण करिष्मा तिच्या पायाशी वाकलीसुद्धा होती. "आजी, माझ्यासाठी मोड आणलीत तुम्ही?" पोरीचे डोळे भरून आले होते. तिच्या बोटात आवडलेली अंगठी होती, नवीकोरी, मुद्दाम काळपटवलेली, बारीक फुलांची.

समोरचा खूश झाला की हिची जीभ टाळ्याला चिकटायची. जमीन गोदामाला द्यायचं ठरलं तेव्हाही पोराने, भाविकच्या बापाने, हातावर पेढा ठेवला, आणि हिने तो गिळला. बाईचा राग यावा इतकी ही गरीब. पण तिचं काळीज तुटत होतं, हे खरं.

"घे बाय, घे," ती म्हणाली.

काचेपलीकडे निळी ज्योत पेटली. आजीने मान वळवली नाही, बघत राहिली. थोड्या वेळाने चिमट्यात एक पिवळा मणी दिसला, चण्याएवढा.

काउंटरवरचा माणूस खुशीत होता. "ताई, आत अक्षर कोरून देऊ? जुन्या काळी असंच करायचे."

"खरंच?" करिष्मा आजीकडे वळली. "आजी, तुमच्या अंगठीत होतं का काही लिहिलेलं?"

हौसाआजी रिकाम्या बोटावरचा पांढरा वळ अंगठ्याने चोळत होती.

"कोन जाने गो," ती म्हणाली. "मना कुटं वाचता येतं?"