तारेचा अणू

माझ्या बाबांना सगळे ‘अणूवाले’ म्हणत. शाळांच्या प्रयोगशाळेत ठेवायला ते तारेचे अणू बनवत. मधे लाल लाकडी गोळा, भोवती तारेची कडी आणि कड्यांवर सरकणारे निळे मणी. मणी म्हणजे इलेक्ट्रॉन. कडी वाकवायचा लाकडी साचा त्यांनी स्वतः घडवला होता. आई म्हणायची, पोटच्या पोरीपेक्षा साचा लाडका. खोटं नव्हतं ते.

मग शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई आल्या. त्यांनी बाबांना समोर बसवून सांगितलं, की इलेक्ट्रॉन असा कड्यावरून फिरत नाही, त्याला ठरलेला रस्ताच नसतो. कुठे सापडण्याची शक्यता जास्त, कुठे कमी, एवढंच सांगता येतं.

“म्हणजे मी जन्मभर खोटं विकलं?” बाबांनी विचारलं.

“खोटं नाही हो, जुनं झालं,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या कुणी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. आमचे बाबा घरी आले आणि त्यांनी साचा कुऱ्हाडीनं फोडला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलात, असं आई म्हणाली, पण ऐकतो कोण.

पुढे ते काचेच्या तावदानांवर शाईचे ठिपके देत बसले. मधे दाट, कडेला विरळ. तावदानं एकामागे एक उभी केली की हायड्रोजनचा धुरकट गोळा दिसे. इतके ठिपके आणि इलेक्ट्रॉन एकच, हे आईला काही पटेना. एक माणूस घरभर कसा असेल, ती विचारी. असत नाही गं, सापडू शकतो, बाबा समजावत. मला तो गोळा फार सुंदर वाटला होता.

शाळेत नेला तेव्हा तावदानं धरून मी मागे उभी होते. बाईंनी तोंडभर कौतुक केलं आणि परत घेऊन जा म्हणाल्या. परीक्षेत अजून गोलच काढायचे असतात, ठिपके काढले तर मुलांचे गुण जातात. कड्यांचे अणू मात्र लगेच हवे होते.

“साचा आहेच ना तुमच्याकडे?”

बाबा म्हणाले, “बाई, खरं काय ते तुम्हाला ठाऊक होतं. परीक्षेत काय विचारतात तेही ठाऊक होतं. मला एकच का सांगितलंत?”

शाळेनं बाजारातून प्लास्टिकचे अणू आणले. बाबांनी त्यानंतर तारेला हात लावला नाही, आणि मी त्या बाईंना अजून माफ केलेलं नाही.