दोन लिप्यांची पाकिटं

मी मूळचा साताऱ्याचा. लढाईच्या दिवसांत सांगलीच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला होतो, तेव्हा विट्याकडचे एक पेन्शनर हवालदार पाकिटं छापून घ्यायला आले. त्यांचे दोन्ही मुलगे पलटणीत. पत्ते इंग्रजीत, आणि आईला इंग्रजी येत नव्हतं. थोरल्याचं पत्र धाकट्याला जाई, धाकट्याचं थोरल्याला. म्हणून छापील पत्ते हवे होते, आणि इंग्रजी नावाच्याच ओळीत, आधी मराठीत, ‘थोरला’ किंवा ‘धाकटा’.

ऐकायला सोपं. पण मराठी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी खाली बूड टेकून बसतं. त्यात आमचे मराठी खिळे ठोकळे, इंग्रजी बारके. एका ओळीत घातले की इंग्रजी नाव खड्ड्यात पडल्यासारखं दिसे. वरखाली शिशाच्या पट्ट्या भरल्या, तर ओळच सैल होऊन अक्षरं फरशीवर सांडली.

पहिलं प्रूफ हवालदारांनी हातभर लांब धरलं. “लय चिकटलंय रं. सायब लोक ‘थोरला’ बी नावातच धरत्याल.”

मी मध्ये ऐसपैस जागा सोडली.

“आता लय लांब गेलं. कुनाचा कोन, कळंना.”

तिसऱ्या प्रुफात नावापुढच्या फौजी नंबरातच फट पडली. “गड्या, ह्ये दोन नंबर झालं की!”

“हवालदारसाहेब, तुम्ही घरी जा. मी पाठवून देतो.”

“न्हाई. हितंच थांबतो.”

शेवटी वैतागून मी एक जुनी लग्नपत्रिका फाडली आणि तिच्या चिंधोट्या खिळ्यांमध्ये सरकवल्या. चौथ्यांदा ओळ बसली. हवालदार नुसतं “व्हय” म्हणाले.

चार महिन्यांनी ते पुन्हा दारात. हातात धाकट्याची उरलेली पाकिटं.

“आता काय चुकलं?”

“काय न्हाई. धाकटा घरी आलाय. पायाला गोळी लागली, पर चालतोय. ह्येच्यावर थोरल्याचा पत्ता छाप.”

“छापलेल्यावर?”

“वर छापील पट्टी चिकटवू की.”

मी कपाळावर हात मारला. त्या ओळीचे खिळे कधीच सोडून खणांत टाकले होते. सगळं पहिल्यापासून जुळवायला हवं होतं. तेवढ्यात काठी टेकत एक तरुण आत आला.

“आवं, ही पाकिटं तुमीच छापली व्हय?” तो म्हणाला. “सारी कंपनी मला धाकट्या म्हनूनच हाक मारायची!”

बापलेक खदखदून हसले. मी नाही हसलो. खिळे जुळवायची स्टिक उचलली आणि बजावलं, “या वेळी प्रूफ एकदाच दाखवणार.”

“बगू,” हवालदार म्हणाले.