चित्रलेखाचा डबा

शांतारामकाकांना जंगलाचं वावडं नव्हतं. ते टीव्हीत असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विनला विमान उतरताना खाली रानच रान आणि त्यात चिमूटभर शहर दिसलं, तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं : पोरीला इथून न्यायचं.

पोरगी म्हणजे लीना, इथल्या हॉस्पिटलात नर्स. काका राहायचे ब्रिस्बेनला, स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये मुलाकडे. कोविडमुळे राज्याराज्यांमधली बॉर्डर बंद झाली आणि कितीतरी महिने बापलेकीची भेट फक्त फोनवर. ऑक्टोबरात वाट मोकळी होती, म्हणून ते आले होते. लीनाचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि ती पुढच्या दोन वर्षांची सही करणार म्हणत होती. ती सही होऊ द्यायची नव्हती.

पिंपरीच्या कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्टर म्हणून मालातल्या खोटी काढलेला माणूस. डार्विन त्यांच्या तावडीतून सुटतंय कसलं? बीचवर मगरींची पाटी बघून ते म्हणाले, "समुद्र आहे, पण पाय बुडवायचा नाही. म्हणजे लग्नाला जायचं आणि उपाशी परतायचं!" हवा तर अशी दमट, की पापड ताटात येईपर्यंत मऊ.

"बाबा, नो वरीज. मला आवडतं इथं," लीना हसायची.

"आजारी पडलीस, पुन्हा बॉर्डर बंद झाली, तर कोण आहे तुझं इथं? मगरी?"

लीना शिफ्टला गेली की काका स्वयंपाकात रमत. बायको, चित्रलेखा, गेल्यापासून ते खातं त्यांच्याकडे आलं होतं. एका सकाळी शेजारच्या देस्पिनाने कुंपणावरून आंब्यांनी भरलेली बशी पुढे केली. ऐंशीची ग्रीक म्हातारी, एकटीच राहणारी. काकांनी बशी धुतली. पण रिकामी परत कशी द्यायची? तीत नारळाच्या वड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी बशी लिंबाचा केक घेऊन हजर. मग थालीपीठं गेली, मिठातले ऑलिव्ह आले. बशीला विसावा म्हणून मिळेना. काका काही हार मानणारे नव्हते, आणि म्हातारीही नाही.

चिवडा मात्र बशीत सादळला असता. म्हणून काकांनी तो चित्रलेखाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात दिला. लग्नातला डबा, झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं तिचं नाव. काका कुठंही जावोत, तो बॅगेत असायचाच. संध्याकाळपर्यंत डबा आला नाही, तेव्हा ते कुंपणापाशी घुटमळू लागले.

"बिस्किटं अजून ओव्हनमध्ये आहेत," देस्पिना बाहेर येत म्हणाली. "रिकामा कसा देऊ? आमच्या बेटावर तसं करत नाहीत."

"आमच्याकडेही नाही," काका म्हणाले. दोघंही हसली.

मग ती सहज बोलून गेली, "लीनालाही तुम्हीच शिकवलेलं दिसतंय. एप्रिलमध्ये ती तापाने फणफणली होती. कोविड असेल म्हणून घरात कोंडलेली. मी रोज दाराशी सूप ठेवायचे. बरी झाल्यावर सगळी भांडी तिने पोळ्या घालून परत केली. जळक्या होत्या!"

काकांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. फोनवर तर लीना रोज "मजेत" म्हणायची. आधी राग आला, मग डोळे भरून आले. आपण तिकडे नुसते काळजी करत बसलो, आणि इथं ही नात्याची ना गोत्याची म्हातारी आपल्या लेकीला सांभाळत होती.

"सांगितलं असतं तर तुम्ही चालत निघाला असतात," लीना नंतर म्हणाली. तेही खरंच होतं.

निघायच्या सकाळी काकांनी बेसनाचे लाडू वळले, डबा भरला आणि देस्पिनाच्या हातात दिला. गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागल्यावर लीना दचकली.

"बाबा, आईचा डबा! थांबा, गाडी वळवते."

"नको. राहू दे तिच्याकडे. तू सही कर. ती बाई तुला तो डबा रिकामा परत देणार नाही."

लीनाला पुढचा रस्ता धूसर दिसू लागला. तिने गाडी कडेला घेतली.

"आणि तूही रिकामा देऊ नकोस," काका म्हणाले. "पोळ्या तेवढ्या जाळू नकोस."