वाटीतली लेन्स

माझा एक घोटाळा सांगते, पण आमच्या आत्याच्या कानावर घालायचा नाही. मी मुळातच कमी बोलते, त्या रविवारनंतर तर आणखी कमी.

आठवीपासून माझ्या चष्म्याचा नंबर सहा-सहा महिन्यांनी बदलत होता. चष्मेवालासुद्धा मला बघून कंटाळला असेल. दहावीत कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय, याला केराटोकोनस म्हणतात. पिवळे थेंब घालून डोळ्यावर निळसर उजेड सोडायचा, म्हणजे पडदा घट्ट होतो. गेलेली नजर परत येईलच असं नाही, पण आहे ती टिकते. एवढं सोसायचं, तेही आहे ते टिकवायला! ऐकूनच मी दमले.

आधी उजवा डोळा झाला. वरची नाजूक साल काढलेली, म्हणून तिथे पारदर्शक लेन्स बसवली.

"पाच दिवस डोळ्याला हात लावायचा नाही. लेन्स पडली तर ताबडतोब या. जंतू शिरले तर कायमचा डाग पडेल," बाईंनी बजावलं.

आमचं घर कबनूरला. पप्पा मागावर कामाला. तीन दिवस मी काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसले होते आणि डोळा नळासारखा गळत होता. तिसऱ्या दिवशी, रविवारी, शेजारच्या घरातून आत्या बघायला आली, स्वयंपाक अर्धा टाकून, ओल्या हातांनीच.

"केवढंसं तोंड झालंय गं माझ्या बाईचं," म्हणत तिने माझ्या गालांवरून हात फिरवले, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि चुलीवरचं करपेल म्हणून पळाली.

थोड्या वेळाने गालाला काहीतरी टोचलं. काढून बघितलं तर गोल, पातळ, पारदर्शक चकती. जरा वाकलेली.

डोळ्यातली लेन्स! डोळा चोळल्याचं आठवत नव्हतं, पण झोपेत चोळला असेल तर?

"आई, लेन्स पडली."

आईने चकती बघितली. "हीच का गं?"

"हीच."

आमच्या घरी लाईट बिलापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सगळं मीच वाचते. मी हीच म्हटल्यावर कोण काय बोलणार? आईने चकती उकळून गार केलेल्या पाण्यात, स्टीलच्या वाटीत ठेवली. पप्पा बनियनवर शर्ट चढवत बाहेर आले आणि आम्ही तिघं वडापच्या, माणसांनी खचाखच भरलेल्या जीपमध्ये बसलो. वाटी पप्पांच्या मांडीवर.

"जरा दमानं घे की. सांडंल," पप्पा दर खड्ड्याला ड्रायव्हरला म्हणत होते.

शेवटी ड्रायव्हरने विचारलं, "पावणं, वाटीत काय तीर्थ हाय व्हय?"

"पोरीचा डोळा हाय," पप्पा म्हणाले.

समोरची बाई सरकून पार कडेला गेली. एका आजोबांनी वाटीत वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि टोपी काढली. मी मान खाली घातली. डोळा नाही, लेन्स आहे, हे सांगायला हवं होतं, पण तेवढंही त्राण नव्हतं. दुसरा डोळा अजून व्हायचा होता आणि पहिला मी घालवून बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. बराच वेळ बघितलं.

"लेन्स तर जागेवर आहे. जखमही छान भरतेय."

आई मटकन स्टुलावर बसली. पप्पांनी वाटी पुढे केली. "मग ह्ये काय हाय?"

बाईंनी चिमट्याने चकती उचलली, उजेडात धरली, नाकाजवळ नेली.

"आज घरी मासे आहेत का?"

"आमच्यात न्हाय," आई हळूच म्हणाली. "वन्सं साफ करत होत्या."

माशाचा खवला. कबनूरपासून कोल्हापूरपर्यंत, उकळलेल्या पाण्यात, पप्पांच्या मांडीवर.

बाईंनी हसू दाबलं. "ही लेन्स आहे हे ओळखलं कुणी?"

दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं.

"अहो, हिला दिसत नाही म्हणून तर उपचार चाललेत. तुमच्या दोघांचे डोळे ठीक आहेत ना?"

"ठीक हायत की," पप्पा म्हणाले. "पण घरात हुशार हीच हाय."