प्रवाळांचं तर्पण

बनारसच्या ब्रह्मा घाटावरच्या वैदिकांच्या घरातली मुलगी समुद्रात बुड्या मारून पोट भरते, हे आमच्या गल्लीला कधी पटलं नाही. "बिटिया तो मछली की डॉक्टरनी हो गई," असं शेजारीण बाबांना चिडवायची. बाबा शांतपणे सांगायचे, "मासे नाहीत, प्रवाळ." मग लोक माझ्याकडे मंगळासाठी पोवळं मागत, अस्सल समुद्रातलं आणि जमलं तर फुकट. एका गुरुजींना मी म्हटलं, तुमचा मंगळ शांत करायला ज्या जिवाला अंगठीत बसवायचं, त्याचे ग्रह कोण बघणार? त्यांनी वर्षभर बाबांशी बोलणं टाकलं. माझी जीभ अजून तशीच आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी लक्षद्वीपच्या एका बेटावर प्रवाळांचा अभ्यास करत होते, आणि त्या उन्हाळ्यात तिथलं पाणी तापलं. बुडी मारताना नेहमी येणारा पहिला शहारा येईनासा झाला. प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्यांना रंग देतं आणि तेच त्यांना पोसतं. पाणी फार तापलं की प्रवाळं ते बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. ज्यांची वाढ मी वर्षानुवर्षं मोजली होती, ती माझ्या डोळ्यांदेखत पांढरी पडत गेली. पाणी वेळेवर निवलं तर ती वाचतात, नाहीतर उपासमारीनं मरतात. आणि नेमक्या अशा वेळी पाऊस जवळ आला, समुद्र खवळला, होड्या बंद झाल्या. बेटावर थांबून काही उपयोग नव्हता. आजारी माणसाला टाकून निघावं तशी मी बनारसला आले.

घरी आल्यावर पाण्याखाली काढलेले फोटो बाबांना दाखवले. चष्मा लावून त्यांनी एकेक फोटो निरखला. पांढऱ्या फांद्या, पांढरे गोळे, मैलोगणती पांढरं. त्यांनी काही विचारलं नाही. जन्मभर काशीत राहून लोकांच्या अस्थी गंगेत सोडवलेला माणूस. त्यांना जे दिसायचं तेच दिसलं. मला बोलायची ताकद नव्हती, म्हणून मीही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घाटावरून आले, ओलं धोतर दोरीवर टाकलं आणि म्हणाले, "आज तुझ्या प्रवाळांनाही पाणी दिलं. तर्पणात शेवटी, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी देतो ना, त्यात."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, ती जिवंत आहेत! पांढरी पडलीत म्हणजे मेली नाहीत. आजारी आहेत. तुम्ही जिवंतपणीच तिलांजली दिलीत त्यांना?"

बाबांचा चेहरा पडला. तसा चेहरा मी आई गेली तेव्हा पाहिला होता. जिवंताच्या नावानं तीळ आणि पाणी सोडणं म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. हातातला तांब्या त्यांनी तसाच खाली ठेवला.

"मला वाटलं, हाडं आहेत," एवढंच म्हणाले.

मी पुष्कळ समजावलं. तीळ-पाण्यानं काही होत नाही, पाणी थंड होतं की नाही यावर सगळं आहे. त्यांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून त्यांनी मृत्युंजयाचा जप धरला. सकाळचं सगळं आटोपलं की आसनावर बसत, आणि उठले की मला विचारत, "काही खबर?" खबर कुठून येणार? तिकडे पावसात समुद्र बंद होता. माझ्यासारखी चिडकी बाई एरवी म्हणाली असती, की बाबा, माळेनं समुद्र निवत नाही. पण तेव्हा मीसुद्धा दुसरं काय करत होते? अंगणातल्या हौदात हात घालून पाणी किती तापलंय ते बघत बसायचे. इकडच्या हौदाचा तिकडच्या समुद्राशी काय संबंध, हे मला चांगलं ठाऊक होतं.

पावसाचा जोर ओसरल्यावर पहिली होडी मिळाली तशी मी बेटावर गेले. पाण्यात उतरले आणि लगेच कळलं. पांढरं कुठेच नव्हतं. सगळ्यावर मातकट हिरवं बुळबुळीत शेवाळ चढलं होतं, आणि हे अंगात राहणारं शेवाळ नव्हे, हे मेलेल्यांवरच चढतं. ज्या प्रवाळाच्या आडोशाला मी पहिल्या वर्षी थकून टेकायचे, त्याला हात लावला तर तुकडा गळून पडला. मास्कच्या आत रडलं की काच धुरकट होते. मला वर यावं लागलं.

घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांकडे लावला, त्यांनी बाबांना हाक मारली. बाबा आले, पण हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत. "काही खबर?"

"गेली, बाबा."

"सगळी?"

"जवळजवळ सगळी. पाणी वेळेवर निवलंच नाही. तुमच्यामुळे नाही, बाबा. खरंच नाही."

मग ते म्हणाले, "पितृपक्ष चालू आहे. उद्या सर्वपित्री. आता दिलं तर चालेल?"

मी म्हटलं, "द्या."

"मग नीट देतो. त्या दिवशी शेवटी ओंजळ सोडली तसं नको." तर्पणात गोत्राशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. ज्याचं गोत्र कळत नाही त्याला काश्यप लावायचं, हे त्यांनीच कितीएक यजमानांना सांगितलं असेल. तरी त्यांनी मला विचारलं, "गोत्र काय सांगू?"

मी म्हटलं, "आपलं लावा."

बाबा म्हणाले, "बरं."