थांबवायचं काम कंपनीचं

आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात पाठवणारा दुकानदार मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचे परतवाड्याचे मिस्त्री. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्या दुरुस्त करणारे त्याहून कमी. एखादा मालक बैल जुंपून आपली बिघडलेली मोटार ओढत आणी, मिस्त्री तिच्याभोवती एक फेरी मारत आणि शांतपणे सांगत, "हे माह्यं काम नाई. अमरावतीले न्या, कंपनीत." मालक चडफडत निघून जाई.

कंपनी म्हणजे अमरावतीच्या कॅम्पातली मोटारींची एजन्सी. तिथली फरशी आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ. काचेच्या टेबलामागचा पांढऱ्या डगल्यातला कारकून तुमची गाडी न बघता तुमचे जोडे बघे. सुटा भाग मुंबईहून आल्याशिवाय तिथे कोणी गाडीला हात लावत नसे, आणि तो येईपर्यंत मालकानं काय करायचं, हे कारकुनाला विचारायची सोय नव्हती. मिस्त्रींकडे हाती घेतलेलं काम दिवस मावळायच्या आत आणि चौथाई पैशात होई. मग हा शहाणा माणूस गिऱ्हाइकाला तिकडे का पिटाळतो, असा प्रश्न अख्ख्या परतवाड्याला पडलेला असे.

मिस्त्रींचं गणित साधं होतं. इंजिन, गिअर, रेडिएटर, दिवे, कमानी, जे म्हणाल ते करीत. फुटलेल्या टाकीला डाग देत, पत्रा ठोकून झाकण बनवत, एका गाडीचा पंखा दुसऱ्या गाडीला बसवत. पण ब्रेक आणि स्टिअरिंगला हात लावत नसत. "गाडी चालवाचं काम माह्यं," ते म्हणत, "थांबवाचं काम कंपनीचं." एकदा मी फारच खोदून विचारलं तेव्हा बिडी विझवून म्हणाले, "माह्या कामात खोट निंगाली तं गाडी उभी राह्यते, भाऊ. ब्रेकात खोट निंगाली तं उभी राह्यत नाई." एवढंच बोलून ते पुन्हा गाडीखाली शिरले.

गाडीखाली शिरण्याआधी ते तिचं ऐकत. सागाची हातभर काठी होती त्यांच्याकडे, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. तिचं एक टोक चालत्या इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. आजूबाजूला कोणी बोललं तर हात वर करून गप्प करत. मग डोळे उघडून सांगत की दुसऱ्या नळकांड्यात खोकला आहे, नाहीतर अमुक एक बेअरिंग महिनाभराचा सोबती आहे. ते खोटं ठरल्याचं मला तरी आठवत नाही. आधी ते अकोल्याच्या जुन्या शहरात राहत आणि मोर्णा नदीपलीकडच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. सरकीच्या त्या धडधडाटात बारा वर्षं काढलेल्या माणसाचे कान इतके तल्लख कसे राहिले, देव जाणे.

त्यांची आणखी एक रीत होती. काम झालं की गाडीतून काढलेला जुना भाग, मग तो कितीही मोडकातोडका असो, फडक्यात बांधून मालकाच्या हातात द्यायचे. कंपनीत जुना भाग कुठे जातो ते कोणाला कळत नसे. मिस्त्री म्हणत, "जुना माल मालकाचा. नवा काहून टाकला, थे त्याले समजलं पाह्यजे." आमच्या घरी अशा पुरचुंड्यांचा ढीग झाला होता. आई त्यांना मिस्त्रीचा प्रसाद म्हणायची.

त्यांच्याशी माझी गाठ पडली ती लॉरीमुळे. अचलपूरला आमचा मळा. कोबी, टमाटे, वांगी, मेथी, कोथिंबीर. उन्हाळ्यात नागपूरचे साहेबलोक चिखलदऱ्याला हवा खायला येत, आणि त्यांच्या बंगल्यांना भाजी पुरवायचा ठेका मी मोठ्या खटपटीनं मिळवला होता. त्यासाठी जुनी लॉरी घेतली. नामदेव नावाचा ड्रायव्हर ठेवला. नामदेव माझ्याच वयाचा, अबोल, घाट चढायच्या आधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावणारा. पहाटे भाजी भरायची, दहाच्या आत वर पोचवायची आणि रिकाम्या टोपल्या घेऊन उतरायचं, असा आमचा क्रम होता.

दुसऱ्याच उन्हाळ्यात, हंगाम ऐन भरात असताना, नामदेव येऊन म्हणाला की ब्रेक पार तळाला टेकेपर्यंत खाली जातो आहे. चाकाच्या आत ब्रेक धरणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, त्यांचं अस्तर पार झिजून गेलं होतं. मिस्त्रींनी बघितलं आणि अमरावतीचा रस्ता दाखवला. मी अमरावतीला गेलो. कारकुनानं माझे जोडे बघितले आणि सांगितलं, अस्तर मुंबईहून येईल, तीन आठवडे लागतील. तीन आठवड्यांत साहेबलोक खाली उतरले असते, ठेका दुसऱ्याच्या घशात गेला असता आणि मळ्यातला माल गुरांना घालावा लागला असता.

मी तसाच मिस्त्रींकडे आलो. आधी विनवलं. मग चिडलो. दुकानापुढे चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "मिस्त्री, तिकडं गिऱ्हाईक धाडायचं कंपनी तुम्हाला काय देते, ते तरी सांगा." तसं काही नव्हतं हे मला ठाऊक होतं. बसलेली चार माणसंही खाली बघायला लागली. मिस्त्रींनी हातातला पाना पुसला, जागेवर ठेवला आणि उठून चालू लागले. तासाभरानं परतले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गावातल्या जिनातल्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा होता. कापडाचा, जाडजूड, चामड्यासारखा कडक.

तो पट्टा कापून त्यांनी चारही चाकांच्या आत रिबिटांनी ठोकून बसवला. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "सपाटीले चालते हे. घाटात तापते. तापलं का जयते, राख होते त्याची. म्हनून मी बसतो गाडीत." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद ठेवून ते लॉरीत बसू लागले. उतरताना दर तीन-चार वळणांवर ते नामदेवला गाडी थांबवायला लावत, उतरून चाकाखाली लाकडाचा ओंडका सारत आणि रस्त्याच्या कडेला बसून एक बिडी ओढत. बिडी संपली की चाकाला हात लावून बघत. अजून गरम असेल तर दुसरी पेटवत. नामदेव मला म्हणाला, दादा, या माणसापायी घाटातलं एकेक झाड माझ्या ओळखीचं झालं. असे अकरा दिवस गेले. भाजी वेळेवर पोचली, ठेका टिकला आणि मी मनात म्हटलं, बघा, उगाच घाबरवत होते.

बाराव्या दिवशी एका बड्या साहेबाच्या खानसाम्याला परतीच्या फेरीत खाली यायचं होतं. ठेका ज्याच्या हातात होता, तोच हा खानसामा. नामदेवशेजारी जागा एकाचीच. मी सकाळी मिस्त्रींना म्हणालो, आजचा दिवस राहू द्या, रोज उतरतेच आहे ना गाडी नीट. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नंतर नामदेवला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं, ओंडका त्याच्या पायाशी ठेवला आणि खाली उतरले. लॉरी दिसेनाशी होईपर्यंत ते रस्त्यात उभे होते.

पुढचं खानसाम्यानं सांगितलं, कारण सांगायला तोच उरला. नामदेवनं दोनदा गाडी थांबवली होती. तिसऱ्यांदा थांबवायला लागला तेव्हा खानसामा वैतागला. आपल्याला अमरावतीची मोटार गाठायची आहे, अशी थांबत थांबत गाडी उतरते होय, मालकाला सांगेन तुझ्या. नामदेव गरीब माणूस, माझ्याच ठेक्याची काळजी त्याला. त्यानं गाडी पुढे काढली. थोड्या वेळानं जळक्या कापडाचा वास आला, नामदेव पायानं दाबत राहिला, आणि पुढच्या वळणावर लॉरी वळली नाही. खानसामा झाडीत फेकला गेला आणि पाय मोडून वाचला. नामदेव लॉरीबरोबर खाली गेला. त्याला वर आणायला संध्याकाळ झाली. त्याच्या बायकोनं मला काही विचारलं नाही. ती विचारेल म्हणून मीच तिच्यासमोर उभा राहत नव्हतो.

पंचनाम्याला फौजदाराबरोबर कंपनीचा माणूस आला होता, तोच पांढऱ्या डगल्याचा कारकून. त्यानं जळका पट्टा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. फौजदारानं विचारलं, हे कोणी बसवलं? मिस्त्री पुढे होऊन म्हणाले, "मी बसवलं." कोणाच्या सांगण्यावरून, असं विचारल्यावर मात्र ते गप्प राहिले. फौजदार माझ्याकडे वळला. मिस्त्री माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मी म्हणालो, "साहेब, मला मोटारीतलं काही कळत नाही. मिस्त्री करतील ते खरं."

हे वाक्य मी त्यानंतर हजारदा मनात म्हणून बघितलं आहे. त्यात एक शब्दही खोटा नाही, आणि तरीही त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

मिस्त्रींना सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी दुकान उघडलं नाही. एक दिवस ते मळ्यावर आले. विहिरीजवळ उभे राहिले, पाणी दिलं तर नको म्हणाले. हातात फडक्याची पुरचुंडी होती. तुरुंगातून सुटल्यावर ते एकटेच दरीत उतरले होते आणि मोडक्या लॉरीच्या उरलेल्या चाकांतला पट्टा काढून आणला होता. "जुना माल मालकाचा," म्हणाले, आणि माझ्या हातात देऊन अकोल्याला निघून गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी दुसरी लॉरी घेतली, तिसरी घेतली. एकीचाही ब्रेक कंपनीबाहेर दुरुस्त केला नाही. लोक म्हणत, माळ्याला पैसा चढला.

पुष्कळ वर्षांनी धीर करून अकोल्याला गेलो. जुन्या शहरात विचारत विचारत त्यांचं घर काढलं. दारात बसून ते स्टोव्ह दुरुस्त करीत होते. अगदी वाळले होते. मी समोर बसलो, ओळख सांगितली. ते नुसते बघत राहिले. शेजारच्या दुकानातला माणूस म्हणाला, "जोरानं बोला, भाऊ. मिस्त्रीले आयकू येत नाई आता. कानापाशी वरडलं तं थोडंसं समजते."

काठी लावून इंजिनाच्या पोटातलं ऐकणारा हा माणूस. मी काय सांगायला आलो होतो ते मनात अक्षरन् अक्षर घोकलेलं होतं. पण ते ओरडून सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं. शेजारचा दुकानदार कान टवकारून बसला होता, पलीकडे नळावर बाया होत्या. मी मिस्त्रींकडे वाकलो आणि हळूच म्हणालो, "नामदेव माझ्यामुळं गेला. फौजदारासमोर मी तुम्हाला एकटं पाडलं." त्यांना ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात मी ते बोललो. हे मला तेव्हाही कळत होतं.

मिस्त्री हसले आणि मान हलवली, ऐकू न येणारी माणसं हलवतात तशी. मग मी पिशवीतून ती पुरचुंडी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी फडक्यावरून हात फिरवला. आत काय आहे ते त्यांना बघावं लागलं नाही. त्यांनी ती उचलून पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली आणि स्टोव्हची पिन हातात घेतली.

ती पुरचुंडी अजून माझ्या कपाटात आहे. मुलं विचारतात, यात काय आहे. मी सांगतो, जुनं सामान आहे.